सात मिनिटांत म्हणे! आधी कापूरबावडी तरी ओलांडू द्या

सोसायटीच्या ग्रुपवर परत तीच बातमी. "लवकरच एअर टॅक्सी, ट्रॅफिकला कायमचा रामराम!" म्हणजे बॅटरीवर चालणारं, जागेवरून सरळ वर उठणारं छोटं विमान. खाली टाळ्या आणि अंगठे. अरे, हे 'लवकरच' अजून किती वर्षं ऐकवणार आहात?

उबरने २०१६ मध्ये उडत्या टॅक्सीचा आराखडा मांडला. २०२० ला प्रात्यक्षिक आणि २०२३ पासून प्रवासी, असं ठणकावून सांगितलं. २०१८ मध्ये अमेरिकेबाहेरच्या पहिल्या शहरासाठी पाच देश निवडले, त्यात भारत, आणि भारतातल्या शहरांत मुंबईही. केवढं कौतुक तेव्हा! २०२० संपता संपता उबरने तो अख्खा विभाग जोबी या एअर टॅक्सी बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात घातला आणि वर त्यांच्यातच साडेसात कोटी डॉलर गुंतवले. विषय संपला.

मग पॅरिस. २०२४ च्या ऑलिंपिकला वोलोकॉप्टर या जर्मन कंपनीच्या एअर टॅक्सीतून लोक फिरणार होते. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळालं नाही, व्हर्सायला प्रवासी न घेता उडून दाखवलं, आणि डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत. त्याआधी ऑक्टोबरातच लिलियम या दुसऱ्या जर्मन कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज करून झाला होता. आपल्याकडे इंडिगोमागच्या इंटरग्लोबने २०२३ मध्ये आर्चर या अमेरिकी एअर टॅक्सी कंपनीशी हातमिळवणी केली: कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटं, २०२६ पासून. पुढे मुंबईही म्हणे. एअर टॅक्सी बनवणारी बेंगळुरूची सरला एव्हिएशन २०२८ म्हणतेय. म्हणू दे.

माझा राग इंजिनियरांवर नाही, हे आधीच सांगतो. त्यांचं काम अवघडच आहे. एक किलो विमानाच्या इंधनात जेवढी ऊर्जा असते, तेवढीसाठी आजच्या लिथियम बॅटरीचे चाळीसएक किलो लागतात. इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी उतरली तरी वजन तेवढंच. त्यात सरळ वर उठायचं आणि सरळ खाली उतरायचं, म्हणजे सगळ्यात जास्त ताकद नेमकी तिथेच खर्च. शिवाय उतरायला जागा मिळाली नाही तर हवेत थांबण्यापुरता चार्ज शिल्लक हवाच. असलं यंत्र माझ्या डोक्यावरून जाणार असेल तर डीजीसीएने, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, त्याला दहा वर्षं घासून तपासलं तरी माझी तक्रार नाही. चीड येते ती प्रमाणपत्र हातात नसताना तारखा वाटत सुटणाऱ्यांची, आणि त्या तारखा जशाच्या तशा छापणाऱ्यांची. मागची तारीख का हुकली, हे विचारायला एकाचीही जीभ रेटत नाही?

आणि ती सात मिनिटं कुठून कुठपर्यंत? व्हर्टिपोर्ट ते व्हर्टिपोर्ट, म्हणजे या टॅक्स्यांच्या एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत. घर ते व्हर्टिपोर्ट कोण मोजणार, तुमचे काका? मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, कापूरबावडीच्या चौकापलीकडे. सकाळी टीएमटीची बस मानपाड्याला अडकते. डावीकडे ट्रेलर, उजवीकडे ट्रेलर, मधल्या फटीत घुसलेला बाइकवाला आरशाला हँडल घासून वर आपल्याच ड्रायव्हरवर खेकसतो. बंद एसी, घामट माणसं, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. अशा एका बसमध्ये साठ-सत्तर माणसं कोंबलेली असतात. जोबीच्या टॅक्सीत पायलट सोडून चार. करा हिशोब, आमची एक बस उचलायला किती टॅक्स्या लागतील, आणि त्या उतरवणार कुठे? आनंदनगरच्या नाक्यावर? जुलैच्या पावसात?

आमच्या डोक्यावरच्या मेट्रो ४ चं काम २०१८ ला सुरू झालं, मुंबई त्या उबरच्या यादीत झळकली त्याच वर्षी. चाचणीची गाडी रुळावर यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. मेट्रो ही जगाने शंभर वर्षं वापरून झालेली वस्तू, बरं का. तिची ही गत, आणि आम्ही हवेतल्या गाडीच्या बातमीवर टाळ्या पिटायच्या.

जोशीकाका, तुम्ही फॉरवर्ड करता ना, मग एवढं सांगा. समजा आलीच टॅक्सी. भाडंही परवडलं. तर नाक्यावरचा रिक्षावाला मीटर टाकून व्हर्टिपोर्टला येणार आहे का? की तिकडूनही "उलटं पडतं, नाही जाणार" हेच ऐकायचं?