मधल्या माणसाची बाजू

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी रेशीम मार्गाचा नकाशा टाकला आणि रात्रीत दीडशे मेसेज पडले. चीनपासून रोमपर्यंत जाड लाल रेघ, भारताकडे मात्र एक बारीक फाटा. एका बाजूचं म्हणणं, जगाला बुद्ध दिला, साखर दिली ती आपण, आणि रस्ता मात्र चीनच्या नावावर. दुसरी बाजू म्हणाली, समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकणाऱ्यांनी व्यापाराच्या बाता मारू नयेत. कुणी दिलं आणि कुणी घेतलं, यावर दोन दिवस खडाजंगी चालली. मी चार वर्षं उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये राहते, इथे वैद्यकीय शिक्षणाला आलेल्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. साहजिकच मला ओढलं गेलं: "तू तर त्याच रस्त्यावर बसलीयेस, तूच सांग."

मला वाटतं, भांडणारे दोघेही एका माणसाला विसरतात. मधल्या माणसाला.

'रेशीम मार्ग' हे नाव १८७७ साली फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञानं रूढ केलं. त्यावरून चीनमधून निघून थेट रोमला पोचणारा एखादा हमरस्ता डोळ्यांसमोर येतो, पण तसा प्रवास करणारा व्यापारी जवळजवळ नव्हताच. माल वाळवंटातल्या या ओअसिसातून, म्हणजे पाणी असलेल्या हिरव्या जागेतून, त्या ओअसिसात, या हातातून त्या हातात जायचा. साधारण चौथ्या ते आठव्या शतकात यातले बरेचसे हात सोग्दी लोकांचे होते. समरकंद, बुखारा, पंजकेंत ही त्यांची शहरं. त्यांची भाषा इराणी कुळातली, आणि इथून चीनच्या राजधानीपर्यंत बाजारात ती चालायची. त्यांनी मोठं साम्राज्य कधी उभारलं नाही. कदाचित म्हणूनच आपल्या शाळेच्या पुस्तकात ते मला कधी भेटले नाहीत.

चीनमध्ये समरकंदच्या माणसाला 'कांग' हे आडनाव लागायचं. तिसऱ्या शतकातल्या कांग सेंगहुई या भिक्षूचं घराणं मूळचं इकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेलं. वडील व्यापारासाठी आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये गेले, मुलगा तिथे वाढला आणि इ.स. २४७ मध्ये आजच्या नानजिंगला पोचला. तिथे त्यानं बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणले. बुद्ध आपण दिला, हे म्हणणं खोटं नाही. पण तो चीनला पोचला तो अशा लोकांच्या तोंडून. ग्रुपवरच्या 'देणारे' आणि 'घेणारे' या दोन रकान्यांपैकी कांग सेंगहुईला कुठल्या रकान्यात घालायचं?

आपल्याकडे अशा माणसासाठी जे शब्द आहेत, ते जवळजवळ शिव्याच आहेत. दलाल. अडत्या. मी हे वरवर म्हणत नाही. मी तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली. मी अकरावीत असताना एका व्यापाऱ्यानं आमचा आणि शेजाऱ्यांचा मिळून दोन ट्रक माल उचलला, थोडा इसार हातावर ठेवला आणि नंतर त्याचा फोनच लागला नाही. त्या वर्षी बाबांनी एप्रिलची खरड छाटणी उसन्या पैशांवर केली. आमच्या घरात 'दलाल' हा शब्द दात आवळूनच उच्चारला जायचा, आणि तो राग खोटा नव्हता. घाम एकाचा आणि भाव दुसऱ्याच्या हातात, हे आजही थांबलेलं नाही.

चिनी लोकही सोग्दींबद्दल असंच बोलायचे. तांग घराण्याच्या इतिहासात लिहिलंय की समरकंदचे लोक तान्ह्या बाळाच्या तोंडात खडीसाखर घालतात आणि तळहाताला डिंक लावतात: बोलणं गोड व्हावं आणि हाती आलेलं नाणं सुटू नये म्हणून. विसाव्या वर्षी मुलगा परदेशी निघतो आणि जिथे नफा तिथे पोचतो. मधला माणूस बाहेरून असाच दिसतो.

पण तो आतून कसा होता, हेही वाचायला मिळतं. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाला वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी पत्रांचा गठ्ठा सापडला. पत्रं इ.स. ३१३ च्या सुमाराची, आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एका पत्रात नानाय-वन्दक नावाचा व्यापारी समरकंदला कळवतो की राजधानी लुओयांग जळली, तिथले भारतीय आणि सोग्दी उपाशी मेले. त्याच पत्रात तो पाठवलेल्या कस्तुरीचा हिशेब देतो आणि एका पोरक्या मुलाच्या नावावर पैसे ठेवायला सांगतो. दुसरं पत्र मिवनाय या बाईचं, तिला दुनहुआंगमध्ये टाकून गेलेल्या नवऱ्याला लिहिलेलं. आईचं, भावांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकून इथे आले, तुमची बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं, असं ती लिहिते. शेवटी मुलीनंही बापाला चार ओळी लिहिल्यात. ही पत्रं कुणालाच मिळाली नाहीत.

मी ते भाषांतर इथल्या पहिल्या हिवाळ्यात वाचलं, तेव्हा माझाही मुलगा सांगलीला आजीजवळ होता. पत्र बाजूला ठेवलं आणि आधी घरी फोन लावला.

पुढचं अजून कठीण आहे. ७५५ मध्ये तांग साम्राज्यात आन लुशान या सेनापतीनं बंड केलं. त्याचा बाप सोग्दी होता. बंडाच्या धामधुमीत आजच्या बीजिंगच्या जागी असलेल्या शहरात परक्यांची कत्तल झाली, आणि नाक उंच म्हणून कितीतरी भलतेच लोक मारले गेले. आन आडनावाच्या एका सेनापतीनं, तो बादशहाच्या बाजूनं लढत असूनही, अर्ज करून आडनाव बदलून घेतलं. गावाकडे बाहेरच्या व्यापाऱ्यांबद्दल, परप्रांतीयांबद्दल वाद पेटतो तेव्हा मला ती नाकं आठवतात. इथे परकी मी आहे. बाजारात कुणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की तो वाद मला लांबून ऐकल्यासारखा वाटत नाही. अभिजात मराठीचा पुरावा म्हणून आपण नाणेघाटाचं नाव घेतो, तोही व्यापाराचाच घाट. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परक्यांची, नावं आपल्याच प्राकृतात खांबांवर कोरलेली आहेत. परक्याचं नाव दगडात कोरण्याइतका मोठेपणा आपल्या लोकांकडे होता.

मी ग्रुपवर यातलं काहीच लिहिलं नाही. सियाब बाजारातल्या काळ्या किसमिसाचा फोटो टाकला आणि एवढंच लिहिलं की हे आपल्या बागेतलं आहे.

ते खरंही आहे. आपल्याकडचं शरद सीडलेस हे काळं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यातल्या बागायतदारानं 'किसमिस चोर्नी' या वाणातून निवडून काढलं. चोर्नी म्हणजे रशियन भाषेत काळा, किसमिस इकडचा शब्द, आणि वाण मध्य आशियातला. बाबा लहानपणी "चोर्नीच्या ओळी" म्हणायचे, तेव्हा मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. आमचा 'बेदाणा'सुद्धा फारसी: बे-दाणा, बिनबियांचा. आणि सुकवायची रीत? आम्ही घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढून शेडमधल्या जाळीवर टाकतो. इथले लोक क्षाराच्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालतात, म्हणजे साल तडकते आणि लवकर सुकतं. युक्ती तीच. कुणी कुणाला शिकवली, ते मी शोधायला गेले नाही.

दिवाळीत घरी जाताना दोन किलो किसमिस नेलं. बाबांनी मूठभर ताटलीत पसरलं, एक दाणा उजेडात धरला, दाबून पाहिला, चावला. "गोडी चांगली आहे. ओल जरा जास्त." मग विचारलं, "याला भाव काय?" मी रुपयांत सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"आणि त्यातले शेतकऱ्याच्या हातात किती पडतात?"

मला माहीत नव्हतं. परत आल्यावर पुढच्या रविवारी सियाबला गेले आणि इथे बोलल्या जाणाऱ्या ताजिक भाषेत, मोडकंतोडकं बोलत, विकणाऱ्या म्हाताऱ्याला तेच विचारलं. त्यानं पियाला पुढे केला, बसायला खोकं दिलं आणि बोटांवर हिशेब मांडायला घेतला: बागवाल्याचे इतके, गाडीचे इतके, माझे इतके.