एका पोळीने काय होतंय म्हणे!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मेलबर्नजवळ एका वाइल्डलाइफ पार्कात गेलो होतो, तिथे एक आपलीच मराठी फॅमिली, डब्यातली पोळी तोडून कांगारूला भरवतायत आणि सगळे व्हिडिओ काढतायत. म्हटलं काका, यांचं खाणं गेटवर मिळतं, तेच द्या. तर म्हणे, "एका पोळीने काय होतंय, मुकं जनावर आहे, पुण्य लागतं!"

पुण्य?? अहो, पाव-पोळी दातांत अडकते, हिरड्या चिघळतात, जंतू जबड्याच्या हाडापर्यंत जातात. लम्पी जॉ म्हणतात इथे, कोंडून ठेवलेल्या कांगारूंना बऱ्याचदा होणारा आजार, जीवही जाऊ शकतो त्यात. आणि दिवसभरात किती काका 'एकच' पोळी देतात ते कोण मोजणार?

मला सारखी हॉल्स गॅपच्या (इथलंच व्हिक्टोरियातलं एक डोंगराळ गाव) रस्त्यावर एकदा भेटलेली ती गोरी आजी आठवत होती. तिन्हीसांजेची वेळ, कांगारू गाडीखाली येऊन मरून पडलेली, आम्ही हळहळलो आणि निघालोच होतो. आजीने मागून येऊन गाडी लावली, टॉर्च काढला, सरळ पिशवीत हात. आत पिल्लू! गुलाबी, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, तोंडात आचळ घट्ट. मी म्हटलं ओढून काढा ना, तर खेकसलीच माझ्यावर. आचळ तोंडात फुगलेलं असतं, ओढलं की पिल्लाचा जबडा जातो. तिने मेलेल्या आईचं आचळच कात्रीने कापलं, पिल्लाने गिळू नये म्हणून टोक सेफ्टी पिनने कापडाला अडकवलं आणि गाठोडं स्वेटरच्या आत छातीशी धरलं. मग आईच्या अंगावर स्प्रेने फुली मारली, मागून येणाऱ्याला कळावं की पिशवी बघून झालीये.

'सो क्यूट' एकदाही म्हणाली नाही बाई.

आता रानात तरी कुठे सुख आहे, दुष्काळात मरतात, सरकार मारायचे परवाने देतं, शेतकऱ्यांचंही नुकसान होतं, मान्य. आणि अशी पोरकी पिल्लं कापडी पिशव्या टांगून, रात्री उठून बाटलीने वाढवणारे काही पार्कवालेही असतात, तेही मान्य. (गाईचं दूध नाही हं, ते पचत नाही त्यांना.) पण लाड करायचे तर त्या आजीसारखे करा ना! न्यू साउथ वेल्समधल्या मोरिसेट गावात टूरिस्टांनी गाजरं भरवून भरवून अशी सवय लावली की २०१८ मध्ये कांगारू माणसांच्या अंगावर यायला लागले, आणि नाव कुणाचं खराब झालं? कांगारूचं.

असो. काकांवर जरा जास्तच चढले बहुतेक, वयाने मोठे होते. त्यांचा नातू मात्र माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "मावशी, हिच्या पिशवीत बाळ आहे?" दाखवलं त्याला, पिशवीतून एक लांबडा पाय तेवढा बाहेर आलेला. किती वेळ गप्प बसून बघत होता पोरगा, पोळीचा तुकडा तसाच हातात.