‘पांढरा रस्सा तिखट नसतो’ : एक तारा देणाऱ्या दादांना खाणावळीचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही विषय कळेल. रविवारी दुपारी पांढऱ्या रश्श्याचं आणि मटणाचं पार्सल नेलंत. काउंटरवर ‘तिखट आहे का’ म्हणून विचारलंत, आमच्या पोरानं ‘अजिबात नाही’ म्हणून सांगितलं. रंकाळ्याजवळ मुक्कामाला होतात, तिथं तुमच्या बीगल जातीच्या कुत्र्याला, ब्रूनोला, वाटीभर रस्सा, चार फोडी आणि एक नळी घातलीत. रात्रभर त्यानं उलट्या केल्या. म्हणून मसाल्यात भेसळ, खोटं बोलून विकतात, कुत्र्याला आत बसू देत नाहीत, आणि कोल्हापूरचा पाहुणचार संपला.

आधी ब्रूनोचं बघू, बाकीचं नंतर. आज गुरुवार. उलट्या थांबल्या असतील तरी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. नेहमीसारख्या गुलाबी आहेत की पांढुरक्या पडल्यात? लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होतीय का? जिना चढताना धापा टाकतोय का? यातलं एक जरी दिसलं तर मला शिव्या नंतर द्या, आधी त्याला डॉक्टरांकडं न्या आणि ‘कांदा-लसूण पोटात गेलाय’ हे स्पष्ट सांगा. नुसतं ‘तिखट खाल्लं’ म्हणालात तर डॉक्टर भलतीकडंच शोधत बसतील.

कारण दादा, तुमच्या कुत्र्याला तिखटानं काही झालेलं नाही. पार्सलमध्ये लाल तिखटाचा कणसुद्धा नव्हता. बिल माझ्यासमोर आहे, तांबडा तुम्ही घेतलाच नाही.

आमच्याकडं पहाटे पाचला मटण चुलीवर चढतं. त्यात आल्या-लसणाचं वाटण, चिरलेला कांदा आणि मीठ. शिजलं की ते पाणी दोन पातेल्यांत जातं. एकात कांदा-लसूण मसाला पडतो, तो तांबडा. दुसऱ्यात खोबऱ्याचं दूध, काजू, खसखस, तीळ आणि वरून लवंग, वेलदोडे, मिऱ्याची फोडणी, तो पांढरा. म्हणजे रंग दोन असले तरी पाणी एकच. त्या पाण्यातला लसूण जितका तांबड्यात तितकाच पांढऱ्यात. माणसाच्या जिभेला पांढरा मऊ लागतो, म्हणून पोरं ‘तिखट नाही’ म्हणतात. लहान लेकरासाठी विचारलं असतंत तर ते उत्तर बरोबरच होतं.

कुत्र्याचं तसं नाही. कांद्या-लसणातल्या गंधकाच्या संयुगांमुळं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेही लगेच नाही, त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. शिजवून तो दोष जात नाही, वाळवून पूड केली तरी जात नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब असा: कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागं 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बिघाड दिसायला लागतो. लसूण त्याहून कडक. फोटोवरून ब्रूनो 12 किलोचा धरला तर 180 ग्रॅमपासून पुढं. एका वाटी रश्श्यात एवढा कांदा बसत नाही, हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगतेय, हात झटकायला नाही. मला विचाराल तर उलट्या झाल्या त्या तुपकटपणानं. खोबऱ्याचं दूध, काजू, वर मटणाची चरबी, आणि रोज कोरडं खाणं खाणाऱ्या कुत्र्याला हे सगळं एका दमात. असल्या खाण्यानं कुत्र्याच्या स्वादुपिंडालाही सूज येते. तेव्हा पोट धरून बसत असेल, पाठ वाकवून उभा राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि नळी! नळीवरून मला राहवत नाही म्हणून सांगते. आमच्या मागच्या बोळात काळू म्हणून एक कुत्रा आहे, डाव्या कानाला खाच असलेला, म्हणजे नसबंदी होऊन परत सोडलेला. गेल्या पावसाळ्यात तो दाराशी येऊन उभा राहिला तर तोंड मिटत नव्हतं, लाळ गळत होती. आम्हाला वाटलं पिसाळला. सगळे मागं सरले. पोरानं मोबाईलची बॅटरी मारली तेव्हा दिसलं, नळीचं कापलेलं कडं त्याच्या खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागं जाऊन बसलं होतं, बोटात अंगठी रुतावी तसं. आतला मगज चाटायला जबडा घातला असणार. डॉक्टर येईपर्यंत तो तसाच भिंतीला डोकं घासत उभा. दोघांनी गोणपाटात धरला, डॉक्टरांनी शेंगतेल ओतून ते कडं फिरवत फिरवत काढलं. जबड्याखालचं कातडं सोलून निघालं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडची हाडं झाकणाच्या डब्यात जातात आणि बोळात एकही टाकायची नाही, ही पोरांना ताकीद आहे. शिजवलेलं हाड कडाकडा फुटतं, त्याच्या चिरफळ्या आतड्यात रुततात, ते वेगळंच.

तुम्ही लिहिलंय, ‘गावातली कुत्री तुमचंच उरलंसुरलं खातात, त्यांना काही होत नाही.’ होत नाही हे कुणी बघितलंय दादा? आपल्या दारात ते खाताना दिसतं. मग कुठल्या गाडीखाली जाऊन दोन दिवस पडून राहतं, ते बघायला कोण जातं?

माझे सासरे शेतावरच्या रखवालीच्या कुत्र्याला भाकरीत ठेचा कुस्करून घालायचे. तिखटानं कुत्रं तापट होतं अशी त्यांची पक्की समजूत. कुत्रं खरंच सगळ्यांवर वसकायचं. आता वाटतं, ज्याच्या पोटात चोवीस तास आग पडलीय ते दुसरं काय करणार! कोल्हापूरचं कुत्रं तिखट पचवतं हाही त्यातलाच प्रकार. गंमत म्हणून तांबड्यात भाकरी बुडवून टाकणारी आणि त्याचा व्हिडिओ काढणारी गिऱ्हाइकं येतात आमच्याकडं, त्यांना मी उठवते.

माझी धाकटी लेक शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते, तिनं हे मला स्वयंपाकघरातच समजावलं. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण 1700, माणसाच्या 9000 च्या आसपास. म्हणून लोकांना वाटतं त्याला तिखट कमी लागत असेल. पण तिखट ही चवच नाही. गरम पातेल्याला हात लागल्यावर जी जाणीव जागी होते, तीच मिरचीनं जागी होते. ती कशी, हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. ही जाणीव माणसाला आहे, कुत्र्याला आहे, उंदराला आहे. पोपट मात्र हिरवी मिरची कराकरा खातो, कारण पक्ष्यांच्या बाबतीत मिरचीची ही कळ दाबलीच जात नाही. तेव्हा पोपटाला घाला खुशाल. शिवाय मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, दुधा-तुपात विरघळते. आपण ताटातलं दही पुढं ओढतो. कुत्रं बिचारं गटारीचं पाणी पीत सुटतं.

त्यातल्या त्यात तांबडा बरा, असं मी गमतीनं म्हणते. मागच्या दारात धुवायला ठेवलेलं तांबड्याचं पातेलं काळू हुंगतो, एकदा जीभ लावतो, शिंकतो, डोकं झटकतो आणि बाजूला होतो. पांढऱ्याचं पातेलं मात्र आम्ही उचलत नाही तोवर चाटतो. तिखट त्याला निदान हुसकून लावतं. लसूण तसं काही करत नाही, उलट मटणाच्या वासात लपून आत जातो. म्हणून आता पांढऱ्याच्या पातेल्यात आधी पाणी ओततो, मग ते बाहेर जातं.

आता भेसळीचं. हा शब्द मला झोंबला. कांदा-लसूण मसाला आम्ही उन्हाळ्यात वर्षाचा एकदम करतो. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, देठं घरी बसून काढतो आणि कांडपाला मी स्वतः उभी राहते, कारण तिथं नजर हटली की दुसऱ्याचा माल आपल्यात येतो. या, डबा उघडून दाखवते, हातावर घेऊन बघा. पण परत सांगते, तुमच्या पार्सलला तो मसाला लागलेलाच नव्हता.

कुत्र्याला आत घेत नाही, हे खरं. दहा टेबलांची खाणावळ, पंगत लागली की वाढप्याला वळायला जागा नसते आणि हातात उकळत्या रश्श्याचं भांडं असतं. कुणाच्या पायात साखळी अडकली तर भाजायचं कुत्रंच. बाहेर झाडाखाली बाकडं आहे, पाण्याचं भांडं आहे. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक.

आणि खरी चूक काउंटरवरची. पोरानं विचारायला पाहिजे होतं, ‘कुणासाठी?’ तुम्ही पिशवी घेतलीत तेव्हा ब्रूनो तुमच्या पायाशीच होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी त्याला रागावले, पण त्याला हे शिकवलं कुणी होतं? मीच नव्हतं शिकवलं. सोमवारपासून काउंटरवर पाटी लावलीय: ‘आमच्या कुठल्याही रश्श्यात कांदा-लसूण आहे. कुत्र्या-मांजराला घालू नये.’ मांजराला तर कांदा कुत्र्याहून जास्त बाधतो. तुमच्या पार्सलचे पैसे परत पाठवते. भेसळीपोटी नाही, त्या अर्ध्या उत्तरापोटी. डॉक्टरांचं बिल झालं असेल तर तेही कळवा, आपण बोलू.

तारा एकच ठेवा, माझी हरकत नाही. ‘भेसळ’ तेवढा काढा.

परत आलात तर ब्रूनोला घेऊनच या. पाचच्या आधी फोन केलात तर कांदा-लसूण पडायच्या अगोदर बिनहाडाच्या दोन मूठ फोडी बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडून ठेवते, मीठसुद्धा नाही. पैसे मटणाच्या भावानंच लागतील. आणि हिरड्यांचं काय ते आज संध्याकाळपर्यंत कळवा.