ताई, आज चतुर्थी आहे, निगेटिव्ह नको

सकाळी दूध आणायला खाली उतरले तर मीटर रूममध्ये, मीटरच्या बरोब्बर खाली, खोके. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे, थर्माकोलसकट, एकावर एक रचून माझ्या छातीएवढे. आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लोंबकळत आलेली पिवळी एक्स्टेन्शन वायर, तिच्यावर स्कूटर चार्जिंगला लावलेली, वायरच्या जॉइंटला काळी टेप, तीही सुटत आलेली. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, एकच ओळ लिहिली की कृपया आजच्या आज उचला. तर उत्तर काय यावं? "ताई, आज चतुर्थी आहे, सकाळी सकाळी निगेटिव्ह नको." खाली हात जोडलेले इमोजी. त्याला आठ जणांचे अंगठे.

तिथे काही लिहिलं असतं तर शिवीच गेली असती, म्हणून इथे लिहितेय. लोकलमध्ये उभ्याने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

जुन्या मित्रमैत्रिणींनी ही डोंबिवलीची गोष्ट ऐकलीय, परत ऐका. मे २००३. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. रात्रीचे दोन वाजून गेले असतील. पंखा बंद पडला म्हणून जाग आली, मग वास, जळक्या प्लास्टिकचा, घशात खवखवणारा. बाबांनी दार उघडलं तर जिन्यातून काळा धूर सरळ घरात. टॉर्च मारला तर स्वतःचा हात दिसेना. खाली मीटर पेटले होते, उतरायची सोयच नव्हती. बाबांनी आजीला पाठुंगळी घेतलं, आईने माझं मनगट धरलं आणि आम्ही वर पळालो, गच्चीकडे. गच्चीला कुलूप. का? तर वाळवणाचे पापड चोरीला जातात म्हणून! किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी सहकुटुंब गावाला. चौथ्यावरच्या तात्यांनी घरातून पाट्याचा वरवंटा आणला आणि कुलपावर घालायला सुरुवात केली. आजी खोकत होती, कुणाचं तरी बाळ रडायचं थांबलं होतं आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती, आणि लोखंडावर दगडाचा तो आवाज. शेवटी कुलूप नाही तुटलं, कडीच उखडून आली.

कुणी गेलं नाही. बाळही ठीक होतं. तात्यांचा आवाज मात्र त्या रात्रीनंतर कायमचा बसला.

आता कळतं की आम्ही वर पळालो हेच चुकलं होतं. धूर वरच चढतो, म्हणजे आम्ही त्याच्याबरोबरच निघालो होतो. जिन्यात धूर असेल तर घराचं दार घट्ट लावायचं, फटीत ओला टॉवेल कोंबायचा, गॅलरीत जाऊन फायर ब्रिगेडचा १०१ फिरवायचा आणि बोंब मारायची. पण हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं होतं? आणि आज सांगायला जावं तर चतुर्थी असते.

माणूस जळून मरतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो आधी गुदमरतो. मुंबईतली कमला मिलची आग आठवते का? २९ डिसेंबर २०१७, १४ माणसं गेली, बहुतेक धुराने, आणि बरीचशी टॉयलेटमध्ये सापडली, कारण बाहेर पडायची वाट हाती लागली नाही. तेव्हा सगळ्यांनी डीपी काळे केले. मग २०२१, जानेवारीत भंडाऱ्याला १० नवजात बाळं, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये नगर, एका वर्षात तीन हॉस्पिटलं. परत डीपी काळे. आणि खाली मीटर रूममध्ये खोके!

कायदा नाहीये असंही नाही. आगीपासून सुरक्षेचा २००६ चा कायदा आहे महाराष्ट्रात, दर जानेवारी-जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून सगळं तपासून सर्टिफिकेट द्यायचं असतं. आमच्याकडेही येतं, फाइलला लागतं. गेल्या वेळी जो मुलगा आला होता ना, त्याने खिशातून स्टिकरचा रोल काढला आणि प्रत्येक मजल्यावरच्या त्या आग विझवायच्या लाल सिलिंडरवर जुन्याच्या वर नवा स्टिकर, चटचट चटचट. एकही हुकावरून खाली काढला नाही. आमच्या मजल्यावरच्याचा काटा चक्क लाल पट्ट्यात. मी म्हटलं, अरे हा बघ, प्रेशर गेलंय. त्याने बोटाने काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, "मॅडम, काटा अडकलाय फक्त." पुढच्या मजल्यावर पोचला पण होता.

ऑफिस तरी काय वेगळं. आमच्या मजल्यावर धावणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र आहे, मस्त लायटिंगवालं, आणि त्याच्याखालच्या दाराला साखळी. पोरं जिन्यात सिगरेट ओढतात म्हणून. ऑडिटच्या दिवशी साखळी निघते, संध्याकाळी परत लागते. तिथे पापड, इथे सिगरेट.

हो, कळतं मला, गच्ची मोकळी ठेवली की पोरं कठड्यावर चढतात. मान्य. मग किल्ली काचेच्या डबीत दाराशेजारी टांगा ना, सेक्रेटरीच्या शोकेसमध्ये कशाला? आणि स्कूटरवाला म्हणतो, कमिटी चार्जिंग पॉइंटच देत नाही तर मी काय करू. बरं, यात त्याचं चुकत नाही, कमिटी दीड वर्ष नुसत्या मिटिंगा घेतेय. पण म्हणून टेपची वायर?

ठाण्याला बसायला मिळालं. जरा शांत लिहिते.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंकडे गॅसचा वास आला तर त्यांनी पहिलं काय केलं? एक्झॉस्ट फॅन लावला. मी ओरडलेच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली लादीवर पसरून बसतो, आणि बटणाची एवढीशी ठिणगी त्याला बास होते. बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ ला फोन. रबरी नळीवरची तारीख बघितली तर पाच वर्षं कधीच उलटून गेलेली. काकू म्हणाल्या, "अगं, चांगली तर दिसतेय." मग मला चहा दिला, नळी बदलेपर्यंत इंडक्शनवरचा. रागवायचं तरी कुणाला, गोड बाई आहेत, आणि माझ्या आईनेही हेच केलं असतं.

आणि मीही काय वेगळं केलं होतं.

हे मी आजपर्यंत कुठे लिहिलेलं नाही. त्या रात्री मीटरमधून ठिणग्या पडल्या हे खरं, वायरिंग जुनंच होतं. पण नुसत्या लादीवर पडल्या असत्या तर बहुतेक विझल्या असत्या. खाली रद्दी होती. माझी. बारावीची परीक्षा संपली म्हणून गाइडं, वह्या, जुने पेपर, सगळ्याचे सुतळीने बांधलेले गठ्ठे मीच दोन खेपा करून खाली नेऊन ठेवले होते. रद्दीवाला रविवारी येणार होता. तोपर्यंत कुणाला काय अडचण होणार आहे, असं मी आईला म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

दोन दिवसांनी तात्या दारात आले. हातात अर्धं जळलेलं फिजिक्सचं गाइड, पहिल्या पानावर माझं नाव, वळणदार अक्षरात, भोवती फुलांची नक्षी काढलेली. त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तुझं ना गं हे?" मी मान हलवली. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि वर निघून गेले. बिल्डिंगमध्ये कुणालाच बोलले नाहीत. माझ्या लग्नात सगळ्यात आधी जेवायला बसलेले तेच होते.

घाटकोपर आलं. तर आज निघायच्या आधी वॉचमनकाकांना हाताशी धरून ते खोके कंपाउंडच्या भिंतीला नेऊन लावलेत. एक तेवढा घरी ठेवलाय. हल्ली खोक्यावर नाव आणि फ्लॅट नंबर छापूनच येतो. नाव सांगत नाही, त्या आठ अंगठ्यांतलंच आहे. संध्याकाळी घेऊन जाणार आहे, बेल वाजवून एवढंच विचारीन, तुमचं ना हे?