डिस्कचा हिशोब माझा चुकला, बाकीचा नाही

गेल्या आठवड्यात नवीन कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या, किमतींवर जो लेख लिहिला, त्याखाली 'कृष्णाकाठ' या नावाने एक सणसणीत प्रतिक्रिया आली. थोडी काटछाट करून ती इथे देते, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. (पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५. डिस्कवाल्यात गेमची तबकडी घालता येते, डिजिटलमध्ये गेम फक्त इंटरनेटवरून उतरवायचे. सिरीज एक्स आणि स्वस्तातला सिरीज एस हे मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स, स्विच २ निन्टेन्डोचा. टेराफ्लॉप हे ग्राफिक्सच्या ताकदीचं माप.)

"ताई, पुण्यात बसून सल्ले देणं सोपं असतं. दहा हजार वाचतात म्हणून डिजिटल पीएस५ घ्या म्हणता, आणि तुमच्याच फोटोत टीव्हीखाली डिस्कवाला दिसतोय! आमच्याकडे तासगावात एक गेम उतरवायला रात्र जाते. माझ्याकडे सतरा डिस्क आहेत, एकही पूर्ण किमतीला घेतलेली नाही. एक्सबॉक्सचे १२ टेराफ्लॉप तुम्ही लपवलेत, ऑनलाइनची वर्गणी लपवलीत, स्विच २ चं नावही नाही. सिरीज एस म्हणजे गरिबाचा कन्सोल असल्यासारखं लिहिलंय. किमती उतरेपर्यंत थांबा, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. कुणी किती दिले?"

खाली दोन ओळींत उत्तर लिहायला बसले होते, ते वाढत गेलं, म्हणून इथे स्वतंत्र टाकते.

आधी शेवटचा प्रश्न. कुणी काही दिलं नाही. उलट माझेच पैसे गेले. २०२१ मध्ये पीएस५ घेतला तो भावाच्या क्रेडिट कार्डवर, सहा हप्त्यांत, आणि त्यातले दोन हप्ते अजून त्याला द्यायचेत असं तो दर भाऊबीजेला ऐकवतो.

फोटोतला कन्सोल डिस्कवालाच आहे, तुमची नजर बरोबर आहे. तेव्हा निवड करायला वाव नव्हता. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ भारतात आला, डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना, पण बुकिंग उघडलं की काही मिनिटांत माल संपायचा. मी तिसऱ्या खेपेला जे हाताला लागलं ते घेतलं. पण म्हणून माझी सुटका होत नाही. चार वर्षं डिस्क वापरून लोकांना डिजिटल घ्या म्हणायचं, तर तसं का ते लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही. २०२२ अखेरच्या किमतींची नुसती वजाबाकी केली: ५४,९९० वजा ४४,९९०, दहा हजार वाचले, विषय संपला.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्याच रात्री कपाटातल्या डिस्क काढून बसले आणि वहीत लिहीत गेले. गॉड ऑफ वॉर राग्नारोक २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला, नवाकोरा ४,९९९ रुपयांना. मी तो चार महिन्यांनी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर २,८०० ला घेतला. दीड महिन्यात संपवला आणि कोथरूडच्या एका कॉलेजच्या पोराला २,२०० ला दिला. म्हणजे तो गेम मला पडला सहाशेला. डिजिटलवाल्याने तोच गेम निम्म्या किमतीच्या सेलपर्यंत धीर धरून घेतला तरी अडीच हजार गेले, आणि गेम संपल्यावर विकायला हातात काहीच नाही. एका गेममागे एकोणीसशेचा फरक. म्हणजे ते 'वाचलेले' दहा हजार सहाव्या गेमला संपतात. तुमच्याकडे सतरा आहेत, तेव्हा तुमचा कन्सोल कधीच फिटला.

हा सरळ हिशोब मला सुचला नाही याचं मलाच नवल वाटतं. आपली अख्खी पिढी अदलाबदलीवर वाढली. नव्वदच्या दशकातल्या त्या '९९९९९९ इन वन' कॅसेटा आठवा. आत खरे गेम वीसच, पण कॉलनीतल्या पाच घरांत मिळून एक कॅसेट पुरायची. डिस्क ही त्याच कॅसेटची नात.

आता तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा, जो तुम्ही मांडला नाहीत. डिजिटल गेम आपण विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. कंपनीचं ऑनलाइन दुकान बंद झालं की नवीन घेणं बंद. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, पण ती सोय कंपनीच्या मर्जीवर. तुमच्या सतरा डिस्क तुमच्या मर्जीवर.

मात्र इंटरनेटच्या मुद्द्यावर अर्धंच मान्य. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तासांत उतरतो, १० एमबीपीएसवर बावीस तास. तुमची रात्र जाते म्हणता, ती खरीच जात असणार. पण डिस्क घेतली की डाउनलोड टळतो हे आता प्रत्येक गेमला लागू नाही. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर टूची डिस्क आठवा. शंभर जीबी मावेल अशा तबकडीवर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळा गेम इंटरनेटवरून. म्हणजे दागिन्याची डबी दिली आणि दागिना कुरिअरने येतोय म्हणून सांगितलं. डिस्क घेण्याआधी ग्रुपवर एवढंच विचारायचं, 'नेटशिवाय चालतो का?' गोष्ट सांगणारे, एकट्याने खेळायचे मोठे गेम बहुतेक चालतात. नेमबाजीचे ऑनलाइन गेम चालत नाहीत, आणि ते तसेही नेटशिवाय निरुपयोगीच.

यावरून ऑनलाइन खेळायची वर्गणी. ती लपवली नव्हती, शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत होती. पण एका ओळीत असणं हेही एक प्रकारचं लपवणंच झालं. पीएस५ ची वर्गणी म्हणजे पीएस प्लस. तिचं सगळ्यात खालचं पॅकेज भारतात वर्षाला २,९९९ ला होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये ते ३,९४९ झालं. या दराने तीन वर्षांचे ११,८४७. कन्सोलच्या किमतीचा पाचवा हिस्सा हा असा हळूच खिशातून जातो. फक्त एक लक्षात घ्या, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ही वर्गणी लागत नाही. मित्रांबरोबर ऑनलाइन फुटबॉल खेळायचा असेल तर लागते. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या घरांत मुलं फक्त फुकटचेच गेम खेळतात आणि वडील इमानेइतबारे वर्गणी भरतात, कारण दुकानदाराने सोबत कार्ड चिकटवलेलं असतं.

टेराफ्लॉपवर मात्र मी मागे हटणार नाही. लपवलं नव्हतं, मुद्दाम वगळलं होतं. सिरीज एक्सचे १२ आणि पीएस५ चे १०.२८ हे आकडे खरे आहेत. एक्समध्ये ग्राफिक्सची आकडेमोड करणारे ५२ गट आहेत आणि ते १.८२५ गिगाहर्ट्झने चालतात, पीएस५ मध्ये ३६ आहेत, पण ते २.२३ पर्यंत धावतात. शेतात बावन्न माणसं आपल्या चालीने खुरपत आहेत आणि शेजारच्या शेतात छत्तीस जण झपाट्याने. संध्याकाळी कुणाचं किती झालं हे नुसती डोकी मोजून कळत नाही. शिवाय पीएस५ ची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची आतली वेगवान जागा, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, एक्सची २.४. दोन्हीकडे आलेला एकच गेम शेजारीशेजारी लावला तर फरक दाखवायला चित्र थांबवून, मोठं करून बघावं लागतं. आणि आपल्या घरात असतो ४३ इंची, ६० हर्ट्झचा टीव्ही, आठ फुटांवरून बघायचा. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, त्यावर १२० फ्रेम दिसणार नाहीतच. बारा आणि दहामधला फरक तुम्हाला त्या टीव्हीवर दिसला, तर तुमच्या डोळ्यांना माझा दंडवत.

सिरीज एसला मी गरिबाचा म्हटलं नव्हतं, 'लहान कपाटाचा' म्हटलं होतं, आणि तेच पुन्हा म्हणते. माझ्या बहिणीकडे डोंबिवलीला हाच आहे, आला तेव्हा ३४,९९० ला घेतलेला. ५१२ जीबी म्हणतात, हातात पडतात ३६४. शंभर-शंभरचे तीन गेम टाकले की कपाट भरलं. भाच्याने बाजूला एक जुनी हार्ड डिस्क लावलीय. पण नव्या पिढीचे गेम त्या हार्ड डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. म्हणून तो जेवायला बसायच्या आधी एक गेम आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत कॉपीला लावतो. वरण-भात होईपर्यंत पट्टी साठ टक्क्यांवर, ताक पिऊन उठेपर्यंत गेम तयार. बहीण म्हणते, "बरंय, निदान जेवायला तरी वेळेवर येतो." जागा वाढवायचं खास कार्ड मिळतं, पण ते महाग आणि याच कन्सोलच्या खाचेत बसणारं. पीएस५ मध्ये सप्टेंबर २०२१ पासून बाजारातली साधी एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) एसएसडी बसते, वेग पुरेसा असला म्हणजे झालं.

एसची खरी अडचण जागेपेक्षा मेमरीची, म्हणजे गेम चालू असताना लागणाऱ्या रॅमची आहे. एक्समध्ये १६ जीबी, एसमध्ये १०. बाल्डर्स गेट ३ पीएस५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. कारण दोघांनी एकाच टीव्हीवर अर्धा-अर्धा पडदा वाटून खेळायचं, एकजण गावात आणि दुसरा जंगलात, तर दोन्ही ठिकाणं एकाच वेळी मेमरीत ठेवावी लागतात. ती एसमध्ये मावेनात. शेवटी एसवर ती सोयच काढून गेम आणला. म्हणजे दोन भावंडांनी एका टीव्हीवर मिळून खेळावा असा तो गेम त्या स्वस्त कन्सोलवर एकट्यानेच खेळायचा. ती सोय एसवर आली थेट एप्रिल २०२५ मध्ये. तरीही, घरात लहान मुलं, फुटबॉल, रेसिंग, एवढंच असेल तर मी आजही एसच सुचवीन.

स्विच २ चं नाव घेतलं नाही कारण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. ५ जून २०२५ ला तो अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला आला. आपल्याकडे येतो तो कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानातून, दुकानदार सांगेल त्या भावाने. बिघडला तर वॉरंटीचा कागद दाखवायचा कुणाला? गंमत म्हणजे आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला होता. गेम पुण्यात बनला आणि तो खेळायचा कन्सोल पुण्यात अधिकृतपणे मिळत नव्हता! पीएस५ प्रोचंही (पीएस५ ची जास्त ताकदीची आवृत्ती) तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला, पण त्याच्या वायफायला लागणाऱ्या रेडिओलहरींच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला तेव्हा भारतात परवानगी नव्हती, म्हणून सोनीने आपल्याला वगळलं. जे दुकानात रीतसर बिलासह मिळतं त्याचीच तुलना मी करते. दुबईहून मावसभाऊ आणणार असेल तर खुशाल स्विच घ्या. हातात धरून खेळायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

राहिलं थांबणं. पूर्वी हा सल्ला सोन्यासारखा होता. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००२ मध्ये १९९ झाला. पीएस३ ५९९ वरून तीन वर्षांत २९९ वर आला. तेव्हा चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान व्हायची, आणि लहान म्हणजे स्वस्त. आता लहान चिप बनवणंच महाग झालंय. पीएस५ भारतात ४९,९९० ला आला तेव्हा डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता. २०२२ अखेर डॉलर ८१-८२ वर गेला आणि पीएस५ ५४,९९० वर. सिरीज एक्सही ४९,९९० वरून २०२३ मध्ये ५५,९९० वर गेला. बरं, म्हणावं रुपया पडला. पण खुद्द अमेरिकेतही ४९९ चा पीएस५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९.९९ झाला, आणि ४९९ चा सिरीज एक्स मेमध्ये ५९९.९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९.९९. पाच वर्षांचं जुनं यंत्र, ते नवं होतं तेव्हापेक्षा महाग. अशा वेळी लोकांना 'थांबा' म्हणून मी कशाच्या भरवशावर सांगू? दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा, हे सांगेन. पाच हजारांची सूट बऱ्याचदा तेव्हाच लागते.

लेखात दोन दुरुस्त्या आज रात्री करते. वर्षाला दोन-तीनच गेम घेणार आणि घरात चांगली लाइन असेल त्यांनाच डिजिटल, बाकी सगळ्यांना डिस्कवाला. आणि वर्गणीचे आकडे वर, किमतीच्या शेजारी. दुरुस्तीखाली 'कृष्णाकाठ यांच्या आग्रहावरून' असं लिहीन, चालेल ना?

आणि हो, त्या सतरामध्ये स्पायडर-मॅन २ असेल तर काय भावाने देणार ते कळवा. डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो उजेडात धरून काढा, ओरखडे दिसले पाहिजेत. मागच्या वर्षी एका दुकानातून 'एकदम नवी' म्हणून घेतलेली डिस्क घरी आल्यावर पाचव्या मिनिटाला अडकली होती. कुरिअरचा खर्च माझा.