ब्रेक, हवा आणि मामाजी

गाडी सुरू झाली नाही तर आमच्या गावात चार माणसं ढकलायला धावून येतात. गाडी थांबत नाही म्हटलं की तीच चार माणसं सल्ला द्यायला येतात. दारव्हा-दिग्रस पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, पण सल्ल्याचा दुष्काळ कधी पडल्याचं कोणाला आठवत नाही.

माझ्या जुन्या चारचाकीचं ब्रेक पेडल मऊ पडलं होतं. बंडीत भरलेला कापूस तुडवताना पाय जसा आत आत जातो, अगदी तसं. संध्याकाळी या रस्त्यावर ढोरं घरी परतत असतात, हंगामात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बंड्या असतात आणि स्पीडब्रेकर चाकाखाली आल्यावरच दिसतो. त्यामुळे मी एका गावच्या स्पीडब्रेकरसाठी आधीच्या गावापासूनच पेडल दाबायला घेत होतो.

पारावर निदान तात्काळ झालं. किराणावाला म्हणाला, लायनर गेले. एकाच्या मते गाडीला नजर लागली होती. गाडीचा रंग पाहता ते शक्य वाटलं नाही. तिसऱ्यानं दबक्या आवाजात उपाय सांगितला, "थोडंसं इंजिन ऑइल टाका जी ब्रेकच्या डब्यात. लय फरक पडते." फरक पडतो, यात शंका नाही. इंजिन ऑइल लागलं की ब्रेकमधली सगळी रबरं फुगून बसतात आणि पेडलखालच्या, ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळंच बदलावं लागतं.

खरं म्हणजे पेडल आपलं दुखणं स्वतःच सांगतं, त्याला विचारावं मात्र नीट लागतं. पायानं दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, बाहेर कुठे गळतीही दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वायसर आतून गेलेत. भराभर दाबल्यावर वर येऊन टणक झालं, तर मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक अडवणारे तुकडे, ड्रमपासून लांब पडलेत. वर आलं पण मऊचं मऊच राहिलं, तर पाइपात हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आपला सगळा जोर त्या हवेच्या बुडबुड्यांना आवळण्यात खर्च होतो.

आमचं पेडल तिसऱ्या जातीचं निघालं. मिस्त्रीनं मागचं डावं चाक खोललं तर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून ऑइल झिरपत होतं, शू ओले झाले होते आणि वरचा डबा जवळपास रिकामा. उरलेलं ऑइल काळं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-3 प्रतीचं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. आमचं बहुधा गाडीसोबतच आलेलं होतं.

सिलिंडर आणि शू बदलून मिस्त्री भाचीच्या लग्नाला निघून गेला. हवा काढायचं काम "घरीच होते सर, एक माणूस पेडलवर बसवा फक्त" म्हणून माझ्यावर टाकलं.

पेडलवर बसायला मामाजी तयारच होते. सासरे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, ब्रेकच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी चाकाजवळ आडवा झालो, हवा सोडायच्या निप्पलला सलाइनची नळी लावली, पाना अडकवला आणि म्हणालो, "मामाजी, आता हवा काढायची."

"हवा काहाडता?" आतून आवाज आला. "आन् मंग गाडी थांबन कशी?"

यात त्यांचं काही चुकत नव्हतं. बसचे ब्रेक हवेवरच चालतात. हवेचा दाब उतरला की बझर बोंबलतो आणि गाडी डेपोतून हलत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर हवा भरल्याशिवाय गिअर टाकला नाही, त्याला जावई हवा काढून टाकायला सांगत होता. चाकाखालून मी द्रवाचा दाब समजावला. आतून उत्तर आलं, "हे तुमचं पुस्तकातलं झालं."

"बरं, पेडल चार-पाच वेळा दाबा आणि मग दाबून धरा."

"ब्रेक घडीघडी मारत नसतेत जवाईबापू. हवा खलास होते."

हेही बसपुरतं शंभर टक्के खरं. घाटात ब्रेक पुन्हापुन्हा मारणारा ड्रायव्हर टाकी रिकामी करून बसतो. शेवटी सासूबाई ओसरीतून ओरडल्या, "ते म्हनतेत तसं दाबा ना जी!" तेव्हा कुठे पेडल हललं.

पुढचा खेळ फक्त तीन शब्दांचा. दाबा, धरा, सोडा. धरलं की मी निप्पल ढिलं करायचो, आणि ते परत आवळेपर्यंत पाय वर घ्यायचा नाही, नाहीतर निघालेली हवा परत आत. मामाजी मात्र मधेच रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हात करायचे आणि हातासोबत पायही उचलायचे. नळीतून बुडबुडे निघायचे, तेवढेच परत जायचे. सासूबाईंनी मग फाटकच लावून घेतलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असं करत आम्ही एकदाचे पार पडलो. डब्यात ऑइल ओतायचं काम सासूबाईंनी केलं. एक थेंब रंगावर सांडू दिला नाही, कारण हे ऑइल रंग खातं, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

पेडल वरच्या वर टणक लागायला लागलं. मामाजी गाडी फाट्यापर्यंत नेऊन आले, काही न बोलता आत गेले आणि डेपोत लॉगशीट भरावं तसं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं : ब्रेक ठीक. हॉर्न मंद. डावा वायपर नाही. मागील दार आतून उघडत नाही. गाडी रूटवर पाठवण्यास हरकत नाही. खाली सही, आणि सहीखाली बिल्ला नंबर.