त्या दुकानाचं पुढे काय झालं?

गावातली जुनी बेकरी नेटाने चालवणारी ती, आणि ती बेकरी विकत घ्यायला डिसेंबरात शहरातून आलेला कंपनीचा माणूस तो. बर्फ, रोषणाई, चौकातलं मोठं ख्रिसमस ट्री, आधी भांडण, मग प्रेम. अमेरिकन टीव्हीवर नाताळात लागणाऱ्या या प्रेमकथा मी आवडीने बघते. त्यांना ‘फालतू’ म्हणणाऱ्यांशी मी पूर्वीही भांडले आहे, आजही भांडेन. दोन माणसं एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, दोघांची बाजू खरी आहे आणि तरी ती एकमेकांकडे ओढली जातात, यापेक्षा चांगला नाट्यविषय कुठून आणणार? माझी तक्रार वेगळीच आहे. एवढा दमदार विषय हातात असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत तो सोडून दिला जातो. दोघं एकमेकांच्या मिठीत येतात आणि बेकरीचं काय झालं हे एका वाक्यात उरकतात.

प्रेमात पडलेले दोघं हे आधी प्रतिस्पर्धी आहेत. त्यांच्यात फक्त स्वभावाचं अंतर नाही, बळाचं अंतर आहे. एकाच्या मागे वकील, बँक, संचालक मंडळ आहे. दुसऱ्याकडे आजीची पाककृती आणि थकलेलं कर्ज. हे अंतर तसंच ठेवून केलेलं प्रेम मला पटत नाही. ज्याला जास्त माहीत आहे त्याने ते आधी सांगायला हवं, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याने आधी काहीतरी पणाला लावायला हवं. ही अट पाळली तर पुढे कितीही गोड शेवट करा, मी टाळ्या वाजवेन.

आता बघा, कंपनीचा माणूस वाटाघाटीला येतो तेव्हा त्याला कंपनी कुठवर जाईल तो आकडा माहीत असतो. इमारतीचा भाडेकरार कधी संपतो हे माहीत असतं. कधी कधी तर बँकेने तिला पुढचं कर्ज नाकारलं आहे हे तिच्या घरच्यांच्या आधी त्याला कळलेलं असतं. अशा माणसाने तिच्याबरोबर संध्याकाळभर कुकीज सजवल्या आणि यातलं काहीच बोलला नाही, तर त्या संध्याकाळीला मी काय म्हणू? आणि सगळं सांगून टाकलं तर तो ज्या कंपनीचा पगार घेतो तिचा विश्वासघात होतो. इकडे आड, तिकडे विहीर. गोष्टीचा जीव इथे आहे! पण पडद्यावर काय होतं? तिला टेबलावर एक फाईल सापडते, ती रडत निघून जाते, दहा मिनिटांनी तो बर्फातून धावत येतो. त्याच्यापुढे असलेला पेच गैरसमज म्हणून मिटवला जातो. तो गैरसमज नसतोच. तिला जे समजलं ते अगदी बरोबर समजलेलं असतं.

या जातीच्या कथांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध म्हणावा असा सिनेमा १९९८ चा ‘यूव्ह गॉट मेल’. तिचं मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान, त्याची भलीमोठी पुस्तकांची साखळी, मधे ईमेलवरची निनावी मैत्री. ही गोष्ट मुळात १९४० च्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’वरून आली. त्या जुन्या सिनेमात दोघं बुडापेस्टमधल्या एकाच दुकानात नोकरी करतात, शेवट नाताळच्या आदल्या रात्री होतो, आणि मोठा विरुद्ध छोटा हा झगडा त्यात नाहीच. तो १९९८ मध्ये घातला गेला, कारण तेव्हा अमेरिकेत अवाढव्य पुस्तक दुकानांच्या साखळ्या खरोखरच छोट्या दुकानांच्या शेजारी येऊन उभ्या राहत होत्या. नव्या सिनेमाचं एक श्रेय मी मनापासून देते. त्यात तिचं दुकान वाचत नाही. ते बंद होतं, रिकामी कपाटं आपल्याला दिसतात. एवढा प्रामाणिकपणा आजच्या नाताळी कथांमध्ये सापडत नाही. पण ईमेलवरची निनावी मैत्रीण म्हणजे तीच, हे तिच्या आधी त्याला कळतं आणि बराच काळ तो ते लपवून ठेवतो, तिथे माझं मन अडतं. आधी दुकान गेलं आणि वर खरी माहितीही तिलाच सगळ्यात शेवटी मिळाली. प्रेम म्हणून हे स्वीकारायला मला जड जातं. (त्या काळातल्या बड्या साखळ्यांपैकी ‘बॉर्डर्स’ २०११ मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. मोठं असणंही कायमचं नसतं, आणि हा धागा अशा कथांमध्ये कोणी उचलत का नाही?)

हल्लीच्या कथांचा साचा बराचसा हॉलमार्क वाहिनीने घडवला. हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी, १९१० मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालेली. वाहिनी २००१ ची, आणि ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ हा त्यांचा नाताळी सिनेमांचा हंगाम २००९ पासूनचा. यातले बरेच सिनेमे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया किंवा ऑन्टॅरिओमध्ये चित्रित होतात, अनेकदा उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून, काही आठवड्यांत. कलाकार लोकरी कोटात घामाघूम होत असतील, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. दोन तासांच्या वेळेतून जाहिराती वगळल्या की जेमतेम दीड तासाची गोष्ट उरते. त्यात ताळेबंदाला जागा नाही हे मला कळतं. पण स्नोमॅन बनवण्याच्या तीन प्रसंगांपैकी एक कमी केला तर?

कारण पैशाची बाजू रटाळ नाहीच मुळी. गावातलं दुकान का बुडतं हे या कथांमध्ये भावनेने सांगतात: लोक सणाचा आनंद विसरले, मालकीणबाई वारल्या, गाव बदललं. खरं कारण बहुतेक वेळा खरेदीच्या दरात असतं. मोठी साखळी ट्रकच्या ट्रक माल उचलते म्हणून पुरवठादार तिला कमी भावात देतो. छोट्या दुकानदाराला तोच माल महाग पडतो, म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधीच तो मागे. अमेरिकेने १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन नावाचा कायदा केला तो नेमका हे थोपवायला, आणि १९८० नंतर कित्येक वर्षं तो जवळजवळ वापरलाच गेला नाही. विचार करा, तिने त्याला जेवणाच्या टेबलावर विचारलं, ‘तुम्हाला पीठ कितीला पडतं?’ आणि त्याने खरं उत्तर दिलं. माझ्या दृष्टीने ते पहिल्या चुंबनापेक्षा धाडसाचं आहे.

डिसेंबरची मुदतसुद्धा उगाच घातलेली नसते, हे मात्र कथाकारांच्या बाजूने सांगते. तिकडे बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, व्यवहार त्याआधी उरकायची घाई खरी असते. आणि किरकोळ दुकानांची वर्षाची साधारण पाचवा हिस्सा विक्री नोव्हेंबर-डिसेंबरातच होते. म्हणजे दुकानाच्या मालकिणीला वर्षभरात ज्या आठवड्यांत मान वर करायलाही फुरसत नसते, त्याच आठवड्यांत समोरचा तिच्याकडून सही मागतोय. हा दबाव दाखवा ना! त्याऐवजी एका रात्रीची जत्रा भरते, सगळं गाव येऊन केक घेतं आणि कर्ज फिटतं. एका रात्रीच्या केकांवर गहाण इमारत सुटत नाही, आणि ज्यांनी खरंच दुकान चालवलंय त्यांना हे बघताना काय वाटत असेल?

आणखी एक गोष्ट मला फार बोचते. कित्येकदा कंपनीकडून येणारी ती असते, आणि गावातला लाकूडकाम करणारा तो. मग शेवटी ती नोकरी सोडते. दोन वाक्यांत. जी बढती मिळवायला तिने वर्षं घातली ती एखाद्या आजारासारखी बरी झाली म्हणून दाखवतात. तिला आकडे समजतात, करार वाचता येतात, समोरच्या वकिलाला गप्प करता येतं. गावाला नेमकं हेच हवं असतं! तिचं कौशल्य तिच्या प्रेमाच्या आड येतं असं मानायचं तरी का? तिने तीच अक्कल दुकानाच्या बाजूने वापरली, आपल्या जुन्या कंपनीसमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली, तर तिला स्वतःतलं काही टाकून द्यावं लागणार नाही. आणि त्यानेही काही सोडावं. गावचा आहे म्हणून त्याला आपोआप शहाणा ठरवू नका.

‘मग शेवट कसा करायचा?’ असं कोणी विचारेल. जगात खरे शेवट झालेले आहेत. १७९० मध्ये सुरू झालेली किंग आर्थर ही पिठाची कंपनी घ्या, आता व्हरमाँटमधल्या नॉर्विचला आहे. तिच्या मालक नवरा-बायकोने १९९६ पासून टप्प्याटप्प्याने ती कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवली, २००४ पासून ती पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. मोठ्या खरेदीदाराला विकणं आणि एकटीने झिजत राहणं, या दोन्हींच्या मधली ही वाट.

आणि माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरातलं सॅरनॅक लेक. हिवाळी उत्सवात तिथे बर्फाच्या विटांचा राजवाडा बांधतात, १८९० च्या दशकापासून. अशा कथेसाठी याहून सुंदर गाव कुठे शोधायचं! तिथलं ‘एम्स’ हे डिपार्टमेंट स्टोअर २००२ मध्ये बंद झालं, साध्या चादरी-कपड्यांसाठी लोकांना लांब जावं लागायला लागलं. वॉलमार्ट येऊ शकेल असं दिसल्यावर गावात दोन तट पडले. शेवटी काही रहिवाशांनी १०० डॉलरचा एक, असे शेअर विकून सुमारे पाच लाख डॉलर उभे केले आणि २०११ मध्ये गावाच्या मालकीचं दुकान उघडलं. यात दोन्ही तटांचं म्हणणं खरं होतं. स्वस्त माल हवा हे खरं, आणि आपलं गाव आपल्या हातात राहावं हेही खरं. या दोन तटांतल्या दोघांना प्रेमात पाडा, मी रात्र जागून बघेन.

त्या दुकानाचे शेअर फक्त न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांनाच घेता येत होते. दुसऱ्या राज्यातल्या मुख्यालयातून आलेल्या माणसाकडे कितीही पैसे असोत, त्याला एकही मिळाला नसता. आधी तिथे घर करावं लागलं असतं, मग इतरांसारखं रांगेत उभं राहून १०० डॉलर मोजावे लागले असते. आपल्या नायकाला एकदा त्या रांगेत उभं करा, आणि काउंटरवर पावती फाडायला तिला बसवा.